नागरिकत्वाचा अर्थ कसा अभ्यासावा

नागरिकत्व म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा अभ्यास करू पाहणारा माणूस बहुधा व्याख्या जमवण्यापासून सुरुवात करतो. ॲरिस्टॉटलची एक, रूसोची एक, विसाव्या शतकातील एखाद्या समाजशास्त्रज्ञाची एक, अशा व्याख्या वहीत एकाखाली एक उतरतात आणि थोड्याच दिवसांत लक्षात येते की त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. यातली प्रत्येक व्याख्या कोणत्या ना कोणत्या वादात केलेली असते. कोणाला तरी आत घेण्यासाठी किंवा कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी ती पुढे आलेली असते, आणि तो वाद बाजूला सारला की हाती उरते ते केवळ एक भारदस्त वाक्य. म्हणून या विषयाचा अभ्यास उलट्या टोकाने करावा, असे माझे मत आहे. आधी नागरिक कोण नव्हता ते शोधावे आणि मग नागरिक कोण होता याकडे वळावे.

त्यासाठी हाती येणाऱ्या प्रत्येक मजकुराला, मग तो तत्त्वज्ञाचा ग्रंथ असो, कायदा असो वा न्यायालयाचा निकाल, चार प्रश्न विचारावेत. त्या काळी नागरिकाला असे काय करता येत होते, जे त्याच्या शेजारी राहणाऱ्या बिगर-नागरिकाला करता येत नव्हते? हा दर्जा कोण देत होते आणि कशाच्या आधारावर? तो काढून घेता येत होता का? आणि हे लिहिणारा स्वतः रेषेच्या कोणत्या बाजूला उभा होता? शेवटचा प्रश्न काहींना आगाऊपणाचा वाटेल, पण पुष्कळदा सर्वांत जास्त माहिती त्यातूनच मिळते.

आधी धागे सुटे करावेत

नागरिकत्वात निदान तीन गोष्टी गुंतलेल्या असतात. कायद्याने मान्य केलेला दर्जा ही एक, त्या दर्जामुळे मिळणारे हक्क ही दुसरी, आणि राज्याच्या कारभारात प्रत्यक्ष सहभाग ही तिसरी. आपण ज्या राज्यात राहतो ते आपले आहे ही भावना चौथी म्हणता येईल, परंतु तिचा पुरावा मिळवणे अवघड असल्यामुळे नवख्या अभ्यासकाने ती सुरुवातीला बाजूला ठेवणे बरे. आज हे धागे एकत्र असल्यासारखे वाटतात, कारण प्रौढ नागरिक म्हणजे मतदार हे समीकरण आपल्या अंगवळणी पडलेले आहे. इतिहासात ते क्वचितच एकत्र होते.

याची खात्री पटवून घेण्यासाठी अमेरिकेतील एक खटला तपशिलाने वाचावा. मिझुरी राज्यातील व्हर्जिनिया मायनर यांनी 1872 मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा प्रयत्न केला आणि नोंदणी अधिकाऱ्याने तो नाकारला. त्यांनी दावा लावला. पण विवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे दावा लावण्याची तेथील कायद्यात मुभा नसल्याने पतीला सहवादी व्हावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने 1875 मध्ये एकमताने निकाल दिला. स्त्रिया नागरिक आहेत, आणि अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिक ठरवणाऱ्या 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीपूर्वीही होत्या, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे मान्य केले. मात्र मतदान हा नागरिकत्वाबरोबर आपोआप येणारा हक्क नाही, असे सांगून दावा फेटाळला. दर्जा आहे, काही हक्क आहेत, सहभाग नाही, आणि दावा लावायलासुद्धा नवऱ्याचे नाव हवे: तिन्ही धागे एकाच निकालपत्रात सुटे झालेले दिसतात. असा एक खटला नीट वाचला की पुढे कोणताही मजकूर वाचताना "नागरिक" या शब्दापाशी आपोआप थांबायची सवय लागते.

अथेन्स: ॲरिस्टॉटल कोणाला वगळतो ते आधी पाहावे

तत्त्वज्ञानाच्या बाजूने सुरुवात ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागापासून करावी. बहुतेक पाठ्यपुस्तके त्याचा निष्कर्ष तेवढा देतात: न्यायदानात आणि अधिकारपदांत ज्याचा वाटा असतो तो नागरिक. या निष्कर्षाच्या आधीची एक-दोन पाने अधिक महत्त्वाची आहेत. तिथे तो एकेक कसोटी बाद करत जातो. केवळ वास्तव्याने कोणी नागरिक होत नाही, कारण परदेशी रहिवासी आणि गुलामही त्याच ठिकाणी राहतात. न्यायालयात दावा लावण्याची सोय ही खूण ठरत नाही, कारण नगरराज्यांमधल्या तहांमुळे ती परक्यांनाही मिळते. आईबाप नागरिक होते म्हणून मूल नागरिक, ही व्यवहारातली व्याख्याही त्याला अपुरी वाटते. पिढ्यापिढ्या मागे गेले तर पहिला नागरिक कशामुळे नागरिक झाला, हा प्रश्न तिला सोडवता येत नाही.

आता चौथा प्रश्न विचारावा. ॲरिस्टॉटलचा जन्म स्टॅगिराचा. अथेन्समध्ये त्याने आयुष्याची अनेक वर्षे काढली ती मेटिक म्हणून, म्हणजे परदेशी रहिवासी म्हणून. मेटिकांना विशेष परवानगीखेरीज जमीन घेता येत नसे, सभेत बोलता येत नसे, ज्युरीत बसता येत नसे, आणि दरवर्षी डोईपट्टी भरावी लागे, जी पुरुषासाठी 12 द्राख्मा होती. म्हणजे नागरिकत्वाची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या ज्याने केली, तो त्या शहरात त्या व्याख्येत बसत नव्हता. यावरून तो कडवट होता किंवा निःपक्षपाती होता, असा कोणताही निष्कर्ष घाईने काढू नये. परंतु वास्तव्य आणि न्यायालयात जाण्याची सोय एवढ्यावर कोणी नागरिक होत नाही, हे त्याला केवळ पुस्तकातून कळलेले नव्हते, इतके म्हणायला हरकत नाही.

ग्रंथाच्या जोडीला कायदा ठेवावा. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने इ. स. पू. 451 मध्ये असा कायदा संमत करून घेतला की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे मायलेटसच्या अस्पेशियापासून त्याला झालेला मुलगा याच कायद्याने बाहेर राहिला. महामारीत त्याचे औरस पुत्र मरण पावले, तेव्हा त्याने आपल्या या मुलासाठी अपवाद मागितला आणि अथेन्सकरांनी तो दिला. धाकटा पेरिक्लीस नागरिक झाला, सेनापती झाला, आणि इ. स. पू. 406 मधील आर्गिनुसेच्या समुद्री लढाईनंतर याच नागरिकांच्या सभेने ज्या सेनापतींना देहदंड दिला, त्यांत तोही होता.

अथेन्समध्ये आणखी एक वाद आहे आणि तो पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटतो. कारभारात भाग घ्यायचा तर वेळ हवा, आणि पोटासाठी राबणाऱ्याजवळ तो नसतो. ॲरिस्टॉटलने यावरून असा निष्कर्ष काढला की उत्तम राज्यात कारागिरांना नागरिक करू नये. अथेन्सच्या लोकशाहीने नेमके उलटे उत्तर आधीच दिले होते: ज्युरीत बसणाऱ्याला दिवसाला 2 ओबोल (लहान नाणी), पुढे 3 ओबोल वेतन, आणि नंतरच्या काळात सभेला हजर राहण्यासाठीही वेतन. अडचण एकच होती. एकाने माणूस वगळला, दुसऱ्याने त्याचा दिवस विकत घेतला. तत्त्वज्ञ आणि संस्था यांना समोरासमोर ठेवून वाचल्याशिवाय हे दिसत नाही, आणि माझ्या मते लोकशाही नागरिकत्वाबद्दल अथेन्सकडून शिकण्यासारखे जे आहे, त्यातला मोठा भाग या ओबोलांत आहे.

रोम: नागरिकत्वाचे तुकडे मोजावेत

रोमकडे वळताना अथेन्सची सवय सोडावी लागते. तिथे नागरिकत्व हे सुट्या करता येणाऱ्या अधिकारांचे गाठोडे होते. मतदान, अधिकारपदे, रोमन कायद्याखाली व्यवहार, कायदेशीर विवाह आणि शिक्षेविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार हे वेगवेगळे मोजले जात, आणि काही अंकित शहरांना मतदानाशिवायचे नागरिकत्व दिले जाई. म्हणून रोमवरील कोणताही मजकूर वाचताना यातले कोणते अधिकार दिले आणि कोणते राखून ठेवले, याची नोंद करत जावे. इटलीतील मित्रराज्यांनी इ. स. पू. 91 मध्ये रोमविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्यांच्या मुख्य तक्रारींपैकी एक नागरिकत्व नाकारले जाण्याची होती, आणि इ. स. पू. 90 पासून रोमने ते कायद्याने देऊ केले.

पुराव्याचे स्वरूप पारखण्याचा सरावही रोमवर चांगला होतो. रोमन वकील आणि वक्ता सिसेरो याने सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्याविरुद्ध इ. स. पू. 70 मध्ये जे आरोप केले, त्यांत गॅव्हियस नावाच्या माणसाची हकीकत आहे. त्याला मेसिनाच्या भर चौकात फटके मारले जात असताना तो फक्त "मी रोमन नागरिक आहे" एवढेच म्हणत राहिला, आणि तरीही त्याला क्रुसावर चढवण्यात आले. हा उतारा सर्वत्र उद्धृत होतो; मात्र ज्या भाषणात तो आहे ते न्यायालयात कधीच झाले नाही. व्हेरेस आधीच रोम सोडून गेला होता आणि सिसेरोने उरलेली भाषणे लिहून प्रसिद्ध केली. त्यामुळे हकीकत वापरावी, पण ती वकिलाने वाचकांसाठी रचलेल्या मजकुरातली आहे, हे नमूद करून.

याच्या अगदी उलट जातीचा पुरावा म्हणजे सैनिकांच्या कांस्यपट्ट्या. रोमच्या साहाय्यक पलटणींत परक्या प्रांतांतील पुरुष भरती होत आणि 25 वर्षांच्या सेवेनंतर त्यांना नागरिकत्व मिळे. त्याचा दाखला दोन पट्ट्यांवर कोरून, त्या तारेने बांधून, सात साक्षीदारांच्या मोहरांनी बंद केलेला असे. असे अनेक दाखले सापडलेले आहेत. त्यांतले दोन घेऊन शब्दरचना ताडून पाहावी: एक इ. स. 140 च्या आधीचा, एक नंतरचा. आधीच्या दाखल्यात सैनिकाबरोबर त्याच्या मुलांनाही नागरिकत्व दिलेले आढळते. नंतरच्यांत, सेवेच्या काळात जन्मलेल्या मुलांचा उल्लेख गळालेला असतो. कोणी भाषण केले नाही, तत्त्वज्ञाने ग्रंथ लिहिला नाही. ठरीव मसुद्यातले काही शब्द काढले गेले आणि रेषा सरकली.

कॅराकाला बादशहाने इ. स. 212 मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिक केले. याबद्दल लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो की खरा हेतू कर वाढवण्याचा होता, कारण वारसाकर फक्त नागरिकांना लागू होता. परंतु डिओ कॅराकालाचा द्वेष करणारा सेनेटर होता. दुसरे म्हणजे, फर्मानाचा मजकूर म्हणून जो ओळखला जातो, तो जर्मनीत गीसेन येथे असलेल्या एका फाटक्या ग्रीक पपायरसवर आहे, आणि कोणाला वगळले हे सांगणारे वाक्यच त्यात तुटलेले आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र नंतरचा आहे: सगळेच नागरिक झाल्यावर काय झाले? फौजदारी शिक्षांच्या बाबतीत प्रतिष्ठित आणि सामान्य असा भेद आधीच रुजत होता, तो आता निर्णायक ठरला. पूर्वी परक्याच्या पाठीवर पडणारे फटके आता सामान्य नागरिकाच्या पाठीवर पडू लागले. सर्वांना मिळाले म्हणजे सर्वांना सारखेच मिळाले, असे समजण्याआधी हे प्रकरण वाचावे.

मध्ययुगीन शहरांवर फार वेळ घालवण्याची गरज पहिल्या वाचनात नाही. अनेक जर्मन शहरांत, मालकाने दावा न सांगता वर्ष आणि एक दिवस राहिलेला भूदास मुक्त समजला जाई, आणि शहराचा पूर्ण घटक होण्यासाठी शपथ, मालमत्ता किंवा व्यवसायसंघाचे सदस्यत्व लागे, एवढे ध्यानात ठेवावे. त्यानंतर सरळ फ्रेंच विचारवंत जाँ बोदँच्या 1576 मधील ग्रंथाकडे यावे. दुसऱ्याच्या सार्वभौम सत्तेखाली असलेला स्वतंत्र प्रजाजन तो नागरिक, असे तो म्हणतो. ॲरिस्टॉटलच्या व्याख्येतला सहभाग इथे पूर्ण गळून पडला आहे, आणि राजेशाह्यांच्या युरोपला तेच सोयीचे होते.

क्रांतीचा काळ: अपवाद शोधावेत

रूसोने 1762 मधील 'सामाजिक करार' या ग्रंथात बोदँची ही व्याख्या चुकीची ठरवली. त्याच्या मते एकच माणूस कायदा करणाऱ्या सार्वभौमाचा घटक म्हणून नागरिक असतो आणि तो कायदा पाळणारा म्हणून प्रजाजन. ग्रंथावर त्याने स्वतःला "जिनिव्हाचा नागरिक" म्हणवले होते. त्या शहरात सर्वसाधारण सभेत बसू शकणारे थोडेच होते. उरलेले निव्वळ रहिवासी, किंवा तिथेच जन्मलेले पण हक्क नसलेले. त्याच शहराने त्याची पुस्तके जाळली, आणि 1763 मध्ये त्याने नागरिकत्वाचा त्याग केला.

26 ऑगस्ट 1789 चा फ्रान्समधील मानव आणि नागरिक यांच्या हक्कांचा जाहीरनामा वाचताना तो एकटा कधीच वाचू नये. त्याच्या शेजारी त्याच वर्षी आलेला सक्रिय आणि निष्क्रिय नागरिक हा भेद ठेवावा. त्याची मांडणी क्रांतीतील एक पुढारी सिएस याने केली. मतदानासाठी 25 वर्षे पूर्ण झालेला पुरुष, तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारा, आणि कोणाच्या घरी नोकर नसलेला असणे आवश्यक ठरले. मग लेखिका ओलिंप द गूज यांचा 1791 मधील स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा घ्यावा आणि कलमाला कलम लावून वाचावा. त्या विचारतात की स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा अधिकार असेल, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. त्यांना 1793 मध्ये गिलोटीनवर चढवण्यात आले. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला 1944 मध्ये.

या काळातील माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी पान कांटच्या 1793 मधील एका निबंधात आहे, आणि तेही तळटीपेत. मत देणारा नागरिक स्वतःचा धनी असला पाहिजे, असे कांट म्हणतो, आणि मग त्याला उदाहरणे द्यावी लागतात. केस कापणारा बाहेर, पण त्याच केसांचा टोप बनवणारा आत. कारण पहिला आपले श्रम देतो, दुसरा आपली वस्तू विकतो. आणि मग तो कबूल करतो की स्वतःचा धनी कोणाला म्हणावे हे ठरवणे काहीसे अवघड आहे. कांटसारखा तत्त्वज्ञ ज्या ठिकाणी अडखळतो, ती जागा त्याच्या व्याख्येपेक्षा जास्त काळजीने उतरवून घ्यावी. तत्त्ववेत्त्यांच्या लिखाणात अशा अडखळण्याच्या जागा शोधणे, हे या अभ्यासातले मुख्य कौशल्य आहे.

समान दर्जा आणि असमान जीवन

यापुढचा टप्पा सुरू होतो मार्क्सच्या 1843 मध्ये लिहिलेल्या टीकेपासून: राज्यापुढे सर्व नागरिक समान, आणि समाजात मात्र मालमत्तेप्रमाणे ज्याची त्याची जागा. या प्रश्नाला 1949 या एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन रूपे मिळाली, आणि ती जोडीने वाचावीत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी केंब्रिजमधील व्याख्यानांत असे मांडले की इंग्लंडमध्ये नागरी हक्क अठराव्या, राजकीय हक्क एकोणिसाव्या आणि सामाजिक हक्क विसाव्या शतकात रुजले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात उलट बाजू दाखवली: राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमता सोसणारे लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील.

मार्शल यांचा हा शतकागणिक एकेक पायरी चढणारा जिना पाठ करणे सोपे आहे आणि म्हणूनच तो गरजेपेक्षा जास्त वापरला जातो. तो वापरण्यापूर्वी तपासून पाहावा. इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरेसा हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला, आणि पुरुषांइतका मताधिकार 1928 मध्ये. तिच्यासाठी शतकांची ही वाटणी जुळत नाही. जर्मनीत संसदेला जबाबदार सरकार येण्याच्या कितीतरी आधी, 1883 पासून, आजारपण, अपघात आणि वार्धक्याचे सक्तीचे विमे आले. तिथे सामाजिक हक्क खालून मागून मिळाले की राजकीय मागण्या थोपवण्यासाठी वरून दिले गेले, हा प्रश्न जिन्याच्या चित्रात मावत नाही.

गमावलेल्या नागरिकत्वाचा अभ्यास

नागरिकत्व काढून घेण्याची प्रकरणे शेवटी ठेवावीत, पण टाळू नयेत. जर्मनीतील सप्टेंबर 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंना राज्याचे प्रजाजन ठेवले आणि राजकीय हक्क असलेल्या नागरिकत्वातून बाहेर काढले. नोव्हेंबर 1941 च्या आदेशाने, परदेशात वास्तव्य असलेल्या ज्यूंचे उरलेसुरले राष्ट्रीयत्वही आपोआप संपवले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. ज्यांना बळजबरीने सीमेपार नेले जात होते, त्यांनाही तो लागू झाला. सुरुवातीचे चार प्रश्न या दोन दस्तऐवजांना जरूर लावून पाहावेत.

ज्यू राजकीय विचारवंत हाना आरेंट यांना 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागली. अमेरिकी नागरिकत्व मिळेपर्यंत त्यांनी अनेक वर्षे राज्यहीन अवस्थेत काढली. "हक्क असण्याचा हक्क" ही त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे, परंतु अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते ती त्यांनी 1951 मध्ये दिलेली कसोटी. एखादा माणूस कायद्याच्या बाहेर फेकला गेला आहे का, हे ओळखायचे असेल तर विचारावे की लहानसा गुन्हा केल्याने त्याची कायदेशीर स्थिती सुधारेल का. राज्यहीन माणसाला नुसता असण्याबद्दल डांबता येते; चोरी केली तर त्याला निदान वकील, सुनावणी आणि ठरावीक मुदतीची शिक्षा मिळते. ही कसोटी मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातील पंधराव्या कलमाला आणि राज्यहीनतेविषयीच्या 1954 व 1961 च्या करारांना लावून पाहावी. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, असे ते कलम सांगते. ते राष्ट्रीयत्व देण्याचे बंधन कोणत्या राज्यावर आहे, हे सांगत नाही.

जागतिक नागरिकत्वाचा मोह या टप्प्यावर होतो, आणि त्यालाही तेच प्रश्न विचारावेत. आपण विश्वाचे नागरिक आहोत असे ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिसने म्हटल्याचे सांगितले जाते. त्याला त्यामुळे काय करता येत होते, हे कोणी सांगत नाही. कांटने 1795 मध्ये जागतिक नागरिकाचा हक्क परक्या भूमीत शत्रूसारखे वागवले न जाण्यापुरता मर्यादित ठेवला. भेट द्यायला येता येईल, कायमचे राहण्याचा हक्क मात्र मागता येणार नाही. राज्याच्या वरच्या पातळीवरचे जे नागरिकत्व कायद्यात प्रत्यक्ष उतरले, ते युरोपीय संघाचे, 1 नोव्हेंबर 1993 पासूनचे. त्यात दुसऱ्या सदस्य देशात राहण्याचा आणि तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत देण्याचा हक्क आहे. पण ते मिळते केवळ सदस्य देशाच्या नागरिकाला. ब्रिटन 2020 मध्ये संघातून बाहेर पडल्यावर फ्रान्समध्ये अनेक वर्षे राहणाऱ्या एका ब्रिटिश महिलेचे नाव स्थानिक मतदारयादीतून काढले गेले. तिने दाद मागितली, आणि संघाच्या न्यायालयाने जून 2022 मध्ये ठरवले की मूळ राष्ट्रीयत्व सदस्य देशाचे उरले नाही तर संघाचे नागरिकत्वही उरत नाही. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्याने तेव्हाच्या नियमानुसार तिला ब्रिटनमध्येही मत देता येत नव्हते. हे निकालपत्र मिळवून मायनर खटल्याच्या शेजारी ठेवावे आणि दर्जा, हक्क व सहभाग यांतले कोणते धागे कुठे तुटले ते स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहून पाहावे.